न्यूरोपेप्टाइडचे जनुक कोण चालू करते?

चेतापेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी जे रेणू वापरतात, त्यांत दोन कुळे ठळक आहेत. ग्लुटामेट, डोपामिन, सेरोटोनिन ही पहिल्या कुळातली मंडळी. आकाराने लहान, बहुतांशी चेताक्षाच्या टोकाशीच तयार होणारी, आणि वापरून झाली की बऱ्याच प्रमाणात परत आत ओढून घेतली जाणारी. न्यूरोपेप्टाइडांचे तसे नाही. ती अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या असतात. जनुकावरून आरएनए, आरएनएवरून एक मोठे पूर्वप्रथिन, विकरांनी केलेले त्याचे तुकडे, ते तुकडे पुटिकांत भरणे आणि पेशीच्या मुख्य भागापासून टोकापर्यंतचा प्रवास, एवढे सगळे झाल्याशिवाय एकही रेणू बाहेर पडत नाही. बाहेर पडलेला रेणू परतही येत नाही; तिथेच त्याचे विघटन होते. पायाच्या अंगठ्याच्या त्वचेत सुटलेल्या सबस्टन्स पी या पेप्टाइडची भरपाई कमरेच्या मणक्यांलगत असलेल्या गंडिकेतील पेशीला करावी लागते आणि माल जवळजवळ मीटरभर खाली पाठवावा लागतो. अशा व्यवस्थेत जनुकावरचा ताबा फार महत्त्वाचा ठरतो.

भूक, तहान, वेदना, ताण, दुखापत यांची खबर देणारे रेणू पेशीच्या पटलावर येऊन थडकतात. तिथून केंद्रकातल्या एका नेमक्या जनुकापर्यंत ती खबर पोहोचते कशी? आणि एकाच खबरीने एका पेशीत एक जनुक, तर दुसरीत वेगळेच जनुक जागे का होते? पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर मिळाले आहे. दुसऱ्यावर अजून एकमत नाही.

जनुके हाती येईपर्यंत

या शाखेची सुरुवातीची दशके रसायनतज्ज्ञांची होती. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना १९३१ मध्ये सबस्टन्स पी सापडले. व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली यांच्या गटांनी लाखो मेंढ्या-डुकरांच्या हायपोथॅलॅमसमधून कणाकणाने संप्रेरके वेगळी काढली. १४ अमिनो आम्लांचे सोमॅटोस्टॅटिन १९७३ मधले, तर अ‍ॅबरडीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांचे एन्केफॅलिन १९७५ मधले.

जनुकांची पाळी त्यानंतर आली. क्योटोमध्ये शिगेतादा नाकानिशी आणि शोसाकु नुमा यांनी १९७९ मध्ये प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिनचा, म्हणजे पुढे ज्याला सगळे पॉमसी म्हणू लागले त्या पूर्वप्रथिनाचा, जनुकीय मजकूर वाचला. एकाच पूर्वप्रथिनात एसीटीएच, बीटा-एन्डॉर्फिन आणि मेलॅनोसाइट-उद्दीपक संप्रेरके दडलेली होती. १९८२ मध्ये प्रोएन्केफॅलिन वाचून झाले, तेव्हा एका साखळीत एन्केफॅलिनच्या सात प्रती निघाल्या. त्याच सुमारास कॅल्सिटोनिनचे जनुक थायरॉइडमध्ये एका तऱ्हेने आणि चेतापेशीत दुसऱ्या तऱ्हेने जोडले जाते, आणि चेतापेशीत त्यातून सीजीआरपी हे वेगळेच पेप्टाइड तयार होते, हेही दिसून आले.

दुसऱ्या बाजूने संदेशवहनाचे ज्ञान जमा होत होते. अर्ल सदरलँड यांनी सायक्लिक एएमपी शोधून दाखवले होते की संप्रेरक पेशीच्या बाहेरच थांबते आणि आत निरोप नेणारा रेणू वेगळा असतो. हा दुसरा निरोप्या प्रोटीन कायनेज ए या विकराला जागे करतो आणि ते विकर इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवते, हेही ठाऊक होते. फॉस्फेटपासून जनुकापर्यंतचा टप्पा तेवढा कोरा होता.

सोमॅटोस्टॅटिनचा धडा

तो टप्पा भरून काढणारा प्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. १९८६ मध्ये मार्क माँटमिनी, गेल मँडेल, रिचर्ड गुडमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या सोमॅटोस्टॅटिन जनुकाच्या आरंभबिंदूच्या अलीकडचा डीएनए घेतला, त्याला सहज मोजता येईल असे एक जिवाणूचे जनुक जोडले आणि ती जोडणी पीसी१२ नावाच्या पेशींत घातली. मग पेशींतले सायक्लिक एएमपी वाढवले. त्यासाठी वापरलेले फोर्स्कोलिन हे द्रव्य मुळात मुंबईचे: हेक्स्टच्या तिथल्या संशोधन केंद्रात कोलियस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतून ते १९७० च्या दशकात वेगळे केले गेले होते. ते सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या विकराला थेट चेतवते असे कळल्यावर जगभरच्या संदेशवहनाच्या प्रयोगशाळांत त्याची बाटली दिसू लागली.

जोडणी अपेक्षेप्रमाणे जागी झाली. पुढे संशोधक डीएनए एका टोकाकडून थोडा थोडा कातरत गेले. आरंभबिंदूच्या मागे ६० ते २९ या अक्षरांदरम्यानचा तुकडा गेला, तसा प्रतिसादही गेला. त्या पट्ट्यात टीजीएसीजीटीसीए ही आठ अक्षरे होती आणि दोन्ही धाग्यांवर ती सारखीच वाचली जात होती. प्रोटीन कायनेज ए अधू असलेल्या पीसी१२ पेशींत हीच जोडणी ढिम्म राहिली. निरोपाची वाट नेमकी कुठून जाते, हे एवढ्यावरून सिद्ध झाले. या आठ अक्षरांना सीआरई हे नाव मिळाले. १९८७ मध्ये त्यांच्यावर बसणारे ४३ किलोडाल्टनचे प्रथिन, क्रेब, हाती लागले. १९८९ मध्ये गोन्झालेझ आणि माँटमिनी यांनी दाखवले की क्रेबच्या १३३ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट चढणे हीच कळ आहे. तो फॉस्फेट ओळखून चिकटणारे सहप्रथिन, सीबीपी, १९९३ मध्ये सापडले.

पटलावरच्या ग्राहीपासून जनुकापर्यंतची अखंड साखळी प्रथमच डोळ्यांसमोर उभी राहिली, तीही एका न्यूरोपेप्टाइडच्या जनुकावर. कॅल्शियमवर चालणारी विकरे याच सेरीनवर फॉस्फेट चढवतात हे कळल्यावर चेतापेशीची विद्युत-हालचालही याच वाटेने जनुकापर्यंत जाऊ शकते, हे उमगले. आज हा भाग पाठ्यपुस्तकात आहे आणि त्यावर कोणाचा आक्षेप नाही.

क्रेब सगळीकडे असते, मग?

आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. क्रेब जवळपास प्रत्येक पेशीत असते. सायक्लिक एएमपीही प्रत्येक पेशीत वाढते. तरीही सोमॅटोस्टॅटिन मोजक्याच चेतापेशींत आणि स्वादुपिंड, आतडे अशा ठिकाणच्या मोजक्या पेशींत बनते. याची दोन स्पष्टीकरणे पुढे आली आणि दोन्हींच्या पाठीशी भक्कम प्रयोग आहेत.

पहिली बाजू सांगते की निवड क्रेब कुठे बसते इथेच होते. गुडमन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की सीआरई असूनही क्रेब त्यावर प्रत्येक पेशीत बसत नाही. ज्या पेशीत त्या जागेवरच्या डीएनएवर मिथाइल गट चढलेले असतात किंवा गुणद्रव्याची बांधणी घट्ट असते, तिथे दार बंदच असते. दुसरी बाजू २००५ मध्ये माँटमिनी यांच्या गटाने मांडली. त्यांना क्रेब सुमारे ४,००० जनुकांच्या प्रवर्तकांवर बसलेले आढळले, आणि वेगवेगळ्या मानवी ऊतींत हे चित्र बरेचसे सारखे निघाले. सायक्लिक एएमपी वाढल्यावर बहुतेक ठिकाणी फॉस्फेटही चढला. प्रत्यक्षात जागी झालेली जनुके मात्र थोडीच होती, कारण सीबीपी निवडक ठिकाणीच येऊन बसले. म्हणजे त्यांच्या मते निवड क्रेब बसल्यानंतर होते.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पूर्णपणे खोडत नाहीत. मिथाइल गटांचे महत्त्व दुसऱ्या गटालाही मान्य आहे. वाद प्रमाणाचा आहे, आणि मला वाटते तो जनुकागणिक वेगळा सुटेल. तो सोडवताना सीआरटीसी या सहप्रथिनांचा विचार टाळता येणार नाही. २००३ मध्ये पुढे आलेली ही प्रथिने एरवी केंद्रकाबाहेर अडकून असतात. सायक्लिक एएमपी आणि कॅल्शियम यांच्या संकेताने ती आत येतात आणि क्रेबला साथ देतात. ताणाच्या संप्रेरक-साखळीचा आरंभ करणाऱ्या सीआरएच या पेप्टाइडचे उदाहरण बोलके आहे. ग्रेती आगिलेरा यांच्या गटाने २०१० च्या सुमारास दाखवले की क्रेबवर फॉस्फेट चढला तरी सीआरटीसी केंद्रकात आल्याशिवाय सीआरएचचे जनुक वेग घेत नाही. फॉस्फेट चढलेले क्रेब दिसले म्हणजे जनुक चालू झाले, हा १९९० च्या दशकातला सरसकट निष्कर्ष त्यामुळे आता टिकत नाही.

प्रोएन्केफॅलिनवरून झालेली चर्चाही याच जातीची. फॉस आणि जून ही प्रथिने त्याच्या प्रवर्तकाला चेतवतात, असे १९८९ मध्ये पेशीसंवर्धनात दिसले. चेतापेशी उद्दीपित झाली की फॉस वाढतेच, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना पटली. पण १९९३ मध्ये स्टीव्हन हायमन यांच्या गटाने उंदराच्या स्ट्रायटममधला अर्क तपासला, तेव्हा प्रोएन्केफॅलिनच्या डीएनएशी क्रेब जुळलेले आढळले, फॉस आढळले नाही. काचेच्या बशीत जे घडू शकते ते मेंदूत घडतेच असे नाही, हा इशारा या क्षेत्राला तेव्हापासून वारंवार मिळत आला आहे.

दुखापत झालेली नस

सायक्लिक एएमपीची वाट सर्वांत जास्त अभ्यासली गेली, पण ती एकमेव नाही. वेदनावाहक चेतापेशी तुटल्यावर काय होते ते पाहिले की हे पटते. सायटिक नस कापली की संवेदी गंडिकेतील पेशींत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी घटतात, आणि एरवी जेमतेम असलेली गॅलॅनिन, व्हीआयपी, न्यूरोपेप्टाइड वाय ही पेप्टाइडे भराभर वाढतात. स्वीडनच्या तोमास होकफेल्ट यांच्या गटाने या उलथापालथीचे तपशीलवार चित्र उभे केले. नस न कापता नुसती सूज आली, तर उलट सबस्टन्स पी आणि सीजीआरपी वाढतात.

याचे एक स्पष्टीकरण उणिवेचे आहे. त्वचेतून नसेवाटे वर येणारा एनजीएफ हा वृद्धी घटक नस कापल्यावर येईनासा होतो. सुजेत तो जास्त येतो. लिंडसे आणि हार्मार यांनी १९८९ मध्ये प्रौढ संवेदी पेशींवर एनजीएफ घालून या दोन्ही पेप्टाइडांची जनुके वाढतात असे दाखवले. एनजीएफ नसला तर या पेशी गर्भावस्थेतच मरतात, त्यामुळे तो पेशी जगवतो एवढेच की जनुकही चालवतो, हा पेच उरला होता. तो २००० मध्ये सुटला. ज्या उंदरांत एनजीएफची ग्राही नव्हती त्यांच्यातले मृत्यूला कारणीभूत बॅक्स हे प्रथिनही काढून टाकले गेले. पेशी जगल्या, पण त्यांत ना सबस्टन्स पी आले ना सीजीआरपी.

दुसरे स्पष्टीकरण भर पडण्याचे. पॉल पॅटरसन यांच्या गटाने १९८९ मध्ये चेतापेशींवर काम करणारा घटक म्हणून ओळखलेला एलआयएफ हा सायटोकाइन दुखापतीच्या जागी भोवतालच्या पेशी सोडतात. रिचर्ड झिगमंड आणि पॅटरसन यांच्या गटांनी १९९३ मध्ये दाखवले की एलआयएफ नसलेल्या उंदरांत अनुकंपी चेतापेशी कापल्या, तर गॅलॅनिन आणि व्हीआयपी नेहमीसारखे उसळत नाहीत. व्हीआयपीच्या जनुकात सुमारे १८० अक्षरांचा एक पट्टा या सायटोकाइनांना प्रतिसाद देतो, आणि त्यात एसटीएटी प्रथिनांची जागा असली तरी तेवढीच पुरत नाही. शेजारच्या इतर जागाही लागतात. आज बहुतेक अभ्यासक उणीव आणि भर या दोन्ही गोष्टी मानतात. कोणत्या पेप्टाइडच्या बाबतीत कोणाचा वाटा किती, याचा हिशेब अपुरा आहे.

फळमाशीने दिलेले उत्तर

पेशीची ओळख आणि बाहेरचा संदेश यांची सांगड कशी पडते, याचे मला सर्वांत स्वच्छ वाटणारे उत्तर फळमाशीतून आले. तिच्या वक्षभागातील सहा टीव्ही चेतापेशी एफएमआरएफ-अमाइड हे पेप्टाइड बनवतात. त्यांचे चेताक्ष एका छोट्या अवयवापर्यंत जातात, जिथून पेप्टाइड थेट रक्तरसात सुटते. २००३ मध्ये स्टेफान थोर यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे आणखी एका गटाने दाखवले की त्या अवयवापाशी बीएमपी कुळातला एक रेणू चेताक्षाला मिळतो, तो संदेश उलटा प्रवास करून केंद्रकात येतो आणि तेव्हाच जनुक चालू होते. चेताक्षाला वाटेत दुसरीकडे वळवले की पेप्टाइड नाही. चेताक्षातली उलटी वाहतूक रोखली की पेप्टाइड नाही. आणि वाट चुकलेल्या पेशीलाच तो बीएमपी रेणू बनवायला लावले, की पेप्टाइड परत हजर.

पण बीएमपीचा संदेश इतर पुष्कळ चेतापेशींनाही मिळतो. त्या एफएमआरएफ-अमाइड बनवत नाहीत, कारण त्यांच्यात अ‍ॅप्टरस, स्क्वीझ यांसारख्या नियामक प्रथिनांचा तो विशिष्ट संच नसतो. संच असेल तर संदेशाचा उपयोग, संदेश असेल तर संचाचा. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की प्रौढ माशीतही हा संदेश थांबवला तर जनुक मंदावते. म्हणजे तो जन्मभर लागतो. सस्तन प्राण्यांतही गर्भातल्या संवेदी पेशींमध्ये बीएमपी आणि अ‍ॅक्टिव्हिन सीजीआरपी वाढवतात असे १९९९ मध्ये दिसले होते, पण माशीइतका नेमका संच सस्तन प्राण्याच्या एखाद्या न्यूरोपेप्टाइडसाठी अजून सर्वमान्य झालेला नाही.

भुकेचे जनुक

पॉमसीवर बरेच काम चालू आहे, कारण स्थूलतेचा प्रश्न त्याला चिकटलेला आहे. १९९४ मध्ये लेप्टिन सापडले. चरबीतून येणारे हे संप्रेरक कमी झाले, किंवा प्राणी उपाशी राहिला, की हायपोथॅलॅमसमधले भूक दाबणारे पॉमसी घटते. मांडणी अशी होती: लेप्टिन एसटीएटी३ या प्रथिनाला जागे करते आणि ते पॉमसी वाढवते, फॉक्सओ१ हे प्रथिन पॉमसीला दाबते आणि इन्शुलिनचा संदेश त्याला केंद्रकाबाहेर घालवतो. भूक वाढवणाऱ्या एजीआरपी या शेजारच्या पेप्टाइडवर हीच दोन प्रथिने नेमकी उलट काम करतात.

मांडणी सुबक आहे, पण प्रश्न उरतात. पॉमसी पेशींतून लेप्टिनची ग्राही काढून टाकली, तर उंदीर थोडेसेच लठ्ठ होतात, असे २००४ मध्ये दिसले. २०१८ मध्ये प्रौढ उंदरांत जनुक-कातरीने केलेल्या प्रयोगात लेप्टिनच्या परिणामाचा मोठा भार एजीआरपी पेशींवर असल्याचे आढळले. लेप्टिनमुळे पॉमसी बदलते, यावर दुमत नाही. हा बदल त्याच पेशीतल्या ग्राहीमुळे किती आणि शेजारच्या पेशींकडून फिरून आल्यामुळे किती, यावर आहे. शिवाय पिट्युटरीत पॉमसीवर सीआरएच आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड यांचा अंमल चालतो आणि तिथला प्रवर्तक जनुकाला लागून असतो. हायपोथॅलॅमसमधले पॉमसी मात्र दहा हजारांहून अधिक अक्षरे दूर असलेल्या दोन वर्धकांवर अवलंबून असते. हे वर्धक प्राचीन काळी जीनोममध्ये उड्या मारत फिरणाऱ्या डीएनएपासून उत्क्रांत झाले, ही या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. लेप्टिनचा संदेश या दूरच्या वर्धकांपर्यंत नेमका कसा जातो, हे पूर्ण उलगडलेले नाही.

आपल्याकडे निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी मांगूर माशाच्या मेंदूतील कार्ट या दुसऱ्या भूकसंबंधी पेप्टाइडवर उपवास, ग्लुकोज, इन्शुलिन आणि लेप्टिन यांचे परिणाम तपासले आहेत. अशा तुलनेमुळे कोणती यंत्रणा जुनी आणि कोणती सस्तन प्राण्यांपुरती, हे कळायला मदत होते.

दाबून ठेवणारे हात

संदेश जनुकाला जसा चालू करतो तसा अडसरही दूर करतो. होसे नारांहो यांच्या गटाने १९९९ मध्ये ड्रीम हे प्रथिन पुढे आणले. ते प्रोडायनॉर्फिनच्या डीएनएवर बसून त्याला दाबते आणि कॅल्शियम चिकटले की सुटते. २००२ मध्ये ड्रीम नसलेल्या उंदरांत डायनॉर्फिन वाढलेले आणि वेदना कमी झालेली आढळली. अडचण अशी की हेच प्रथिन पोटॅशियमच्या वाहिन्यांना चिकटणारे आणि प्रेसेनिलिन या प्रथिनाला चिकटणारे म्हणूनही स्वतंत्रपणे सापडले होते. मग त्या उंदरांची कमी वेदना जनुकामुळे की वाहिन्यांमुळे? दोन्ही बाजूंना पुरावे आहेत.

डायनॉर्फिनचा दुसरा धागा व्यसनाशी जातो. १९९८ मध्ये दिसले की न्यूक्लियस अक्यूम्बेन्समध्ये क्रेब वाढवले तर कोकेनची ओढ कमी होते, आणि डायनॉर्फिनची कापा ग्राही रोखून तो परिणाम उलटवता येतो. म्हणजे मध्ये डायनॉर्फिन आहे.

आरएनए म्हणजे पेप्टाइड नव्हे

वर सांगितलेले बहुतेक निष्कर्ष आरएनए मोजून काढलेले आहेत. आरएनए आणि सुटलेले पेप्टाइड यांत बरेच अंतर असते. पाणी न मिळालेल्या उंदरांत व्हॅसोप्रेसिनचा आरएनए वाढतो, पण १९८८ मध्येच दिसले की त्या आरएनएची शेपटीही लांबते. म्हणजे लिप्यंतरणाखेरीज आरएनएवरही संस्कार होत असतात. व्हॅसोप्रेसिनच्या बाबतीत तर नियामक प्रथिन कोणते, हेच कितीतरी वर्षे हाती लागत नव्हते, कारण त्याच्या पेशी संवर्धनात नीट मिळत नाहीत. २०१४ मध्ये क्रेब३एल१ हे एक भरवशाचे नाव पुढे आले. सीजीआरपीचे तर जनुक चालू होणे पुरत नाही. आरएनए कसा जोडला जातो यावर पेप्टाइड ठरते.

काळाचा प्रश्नही आहे. फॉस्फेट मिनिटांत चढतो-उतरतो, पेप्टाइडचे प्रमाण मात्र आठवडे किंवा आयुष्यभर बदललेले राहू शकते. २००९ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी दाखवले की जन्मानंतरच्या दिवसांत आईपासून दूर ठेवलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिनच्या वर्धकावरचे मिथाइल गट घटतात आणि ही घट टिकते. क्षणिक संदेशाची अशी कायमची नोंद किती जनुकांवर होते आणि माणसात होते का, हे खुले आहे.

एकेका पेशीचा आरएनए वाचण्याच्या तंत्राने चित्र आणखी विस्तारले. २०१९ च्या एका विश्लेषणात उंदराच्या प्रमस्तिष्क बाह्यकातील जवळजवळ सर्वच चेतापेशी एखादे तरी न्यूरोपेप्टाइड जनुक चालवताना आढळल्या. न्यूरोपेप्टाइडे मोजक्या खास पेशींची मक्तेदारी, ही समजूत त्यामुळे सोडावी लागली. आता गरज आहे ती जनुकाच्या मूळ जागेवर, जिवंत प्राण्यात, एकेक नियामक अक्षर बदलून सुटलेले पेप्टाइड मोजण्याची. प्रवर्तकाचा तुकडा पेशीसंवर्धनात घालून काढलेल्या निष्कर्षांवरच विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचारांच्या बाजूला या ज्ञानाचा थेट लाभ अजून थोडा आहे. मायग्रेनसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एरेनुमॅब सीजीआरपीची ग्राही अडवते. पॉमसीच्या दोषामुळे येणाऱ्या दुर्मीळ स्थूलतेसाठी २०२० मध्ये मान्य झालेले सेटमेलॅनोटाइड हरवलेल्या पेप्टाइडच्या जागी ग्राहीवर काम करते. दोन्ही औषधे पेप्टाइड सुटल्यानंतरच्या टप्प्यावर आहेत. चेतापेशीतले ते जनुक दोन्हींपैकी एकाचेही लक्ष्य नाही.